पाळीव प्राण्यांचं रोजचं रेखाटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी घरातल्या प्राण्यांची रोज रेखाटनं करते. चिंगी नावाची कुत्री आहे, रस्त्यावरून घरी आलेली, आणि बंड्या नावाचा काळा बोका. शनिवार-रविवारी घरीच मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. मुलांना सोडायला आलेले पालक भिंतीवरची पानं बघत उभे राहतात आणि प्रश्न विचारतात. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत.

रोज प्राणीच का काढायचे? फळं, भांडी, कुंड्या आहेतच की घरात.

तांब्या काढा, पेरू काढा, त्यानेही हात सुधारतो. पण तांब्या आपली वाट बघत बसतो. रेषा चुकली, खोडली, मध्येच उठून चहा पिऊन आलो, तरी तो जागच्या जागी. प्राण्याचं तसं नाही. कुत्रं मान वळवतं, मांजर उठून अंग ताणतं आणि आपल्या पानावर उरतात चार रेषा. त्या चार रेषांत काय पकडायचं हे डोळ्याला पटकन ठरवावं लागतं. ही घाई डोळ्याला फार काही शिकवते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक तयार मांजर बसलेलं असतं, बालवाडीत शिकलेलं. एक मोठा गोळा, त्यावर लहान गोळा, दोन त्रिकोणी कान, तीन-तीन मिशा आणि एक शेपूट. खरं मांजर समोर असलं तरी हात त्या तयार मांजराकडे धावतो. रोज काढत राहिलं की हे डोक्यातलं मांजर हळूहळू पुसलं जातं आणि समोरचं दिसायला लागतं. खाली जे सांगितलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

मला चित्रकला अजिबात येत नाही. तरी जमेल?

जमेल. माझ्या वर्गात येणाऱ्या एका आजोबांनी सत्तरी ओलांडल्यावर सुरुवात केली. पहिला महिना त्यांची म्हैस रिक्षासारखी दिसायची. आता गल्लीतल्या मुलांना पान बघून कळतं की ही कुणाच्या गोठ्यातली आहे.

प्राणी एका जागी थांबतच नाही. काय करायचं?

तो थांबणार नाही हे धरूनच बसायचं.

मी अख्खं पान मोकळं ठेवते आणि एका कोपऱ्यात पहिलं रेखाटन सुरू करते. चिंगी हलली की ते तिथेच सोडून शेजारी दुसरं. पुन्हा हलली की तिसरं. प्राण्यांच्या बसण्या-निजण्याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात, त्यामुळे दहा मिनिटांत ती पुन्हा पहिल्यासारखी बसतेच. मग मीही पहिल्या रेखाटनाकडे जाते आणि तिथून पुढे काढते. अर्ध्या तासात पानावर पाच-सात चिंग्या होतात. त्यातली एखादी पूर्ण, बाकीच्या कुणाला पाय नाहीत, कुणाला तोंड नाही. असं पान बघून नवशिक्या माणसाला वाईट वाटतं. वाटू देऊ नका. लिओनार्दो दा विंचीचं मांजरांचं एक प्रसिद्ध पान इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात, विंडसरला आहे, साधारण 1510 च्या दशकातलं. त्या एकाच कागदावर झोपलेली, भांडणारी, अंग चाटणारी, दबा धरलेली मांजरं दाटीवाटीने काढली आहेत, आणि त्यांच्या गर्दीत मध्येच एक लहानसा ड्रॅगनही आहे. एवढ्या मोठ्या चित्रकारानेही मांजराला थांबवलं नाही, तोच मांजरामागून गेला.

रेषांचा क्रम मात्र ठरवून घ्या, कारण कुठली रेषा शेवटची ठरेल ते सांगता येत नाही. माझा क्रम असा: आधी नाकाच्या टोकापासून मान, पाठ, थेट शेपटीच्या टोकापर्यंत एकच वाहती रेषा. मग छातीचा पिंजरा आणि पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, हे दोन अंडाकार. मग पाय जमिनीला टेकतात तिथे फक्त ठिपके. डोळे, नाक, मिशा, सगळं यानंतर. बहुतेक जण डोळ्यांपासून सुरुवात करतात. डोळे सुंदर उतरतात, आणि धडाची वेळ येते तेव्हा मांजर स्वयंपाकघरात पोचलेलं असतं.

आणि एक सवय लावून घ्या. प्राणी उठून गेला की पेन्सिल खाली ठेवू नका. डोळे मिटा, शेवटची ढब आठवा आणि आठवेल तेवढं काढा. सुरुवातीला दोन रेषा आठवतात. सहा महिन्यांनी पुढचे दोन्ही पाय आठवतात.

डोकं आधी की धड आधी?

वर सांगितलंच, कणा आधी. पण हे डोळ्यांनी पटवून घ्यायचं असेल तर अजिंठ्याला पहिल्या लेण्यात जा. तिथे एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून एकच डोकं आहे. हात डोळ्यांसमोर धरून तीन धडं झाका. उरलेल्या धडाला ते डोकं अगदी त्याचंच असल्यासारखं बसतं. हात सरकवून दुसरं धड उघडं करा, तेही तसंच. डोकं तेच राहून शरीर किती तऱ्हांनी वळू शकतं, हे त्या शिल्पकाराला पाठ होतं. मी सहलीला नेलेल्या मुलांना त्या खांबासमोरून हलवणं मला जड गेलं होतं.

मग झोपलेल्या प्राण्यापासून सुरुवात करू का?

जरूर. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. इतका वेळ देणारं मॉडेल कुठल्याही कलाशाळेत मिळायचं नाही.

झोपलेलं मांजर सोपं वाटतं, पण इथेच डोक्यातलं मांजर सगळ्यात जास्त फसवतं. मागच्या आठवड्यातलं सांगते. बंड्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर वेटोळं करून झोपला होता. मी सवयीने गोल काढला. मग नीट बघितलं तर तो गोल नव्हता. जिथे खाली टॉवेलची घडी होती तिथे पाठ वर उचलली होती, पुढे खांद्याचं हाड कातडीखाली उंचवट्यासारखं दिसत होतं, तिथून मानेपर्यंत रेषा आत गेली होती, आणि एक मागचा पंजा हनुवटीखाली उशीसारखा घेतला होता. त्या पंजाची चार बोटं श्वासाबरोबर किंचित उघडमीट करत होती. गोल खोडला नाही. त्याच्यावरच गडद रेषेने खरा आकार काढला. पानावर दोन्ही मांजरं आहेत, डोक्यातलं फिकट आणि समोरचं ठसठशीत. मुलांना शिकवताना मी हेच पान दाखवते.

रोज किती वेळ काढायचा?

दहा मिनिटं, पण रोज. रविवारी एकदम दोन तास बसून आठवडाभर वही न उघडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मी सकाळी दुधाची पिशवी आत घेतल्यावर, चहा उकळेपर्यंत काढते. ज्या दिवशी अगदीच जमत नाही त्या दिवशी एक कान काढते, एक पंजा काढते. खाडा करायचा नाही.

साहित्य काय लागेल?

फार काही नाही. एक 2बी आणि एक त्याहून मऊ, गडद 6बी पेन्सिल, धार करायला कटर, ए-5 आकाराची साध्या कार्ट्रिज कागदाची, म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदाची वही. मला तर पहिली तीन वर्षं पाठकोरे कागद पुरले. एका बाजूला बिलं, जुन्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, आणि मागे चिंगी. महागाच्या वहीचं पान खराब होईल या भीतीने हात आखडतो, पाठकोऱ्यावर तो मोकळा सुटतो.

खोडरबर पहिले दोन महिने दूर ठेवा. चुकलेल्या रेषेच्या शेजारी बरोबर रेषा काढा. दोन्ही दिसत राहिल्या की चूक कुठल्या बाजूला होते ते कळतं. माझी खोड अशी निघाली की मी मान नेहमी आखूड काढायची. तीस-चाळीस पानं एकत्र बघितल्यावर ते समजलं. खोडत बसले असते तर कधीच समजलं नसतं.

बॉलपेन उत्तम. खोडता येत नाही, शिवाय हलक्या हाताने फिरवलं तर पेन्सिलीसारखी फिकट रेषाही येते. कोळशाची कांडी मोठ्या कागदावर आणि मोठ्या जनावरासाठी. ए-5 वर ती नुसती फासली जाते.

फोटोवरून काढलं तर काय बिघडलं?

रंगीत, पूर्ण चित्र करायचं असेल तर फोटोची मदत घ्या. रोजच्या सरावाला मात्र फोटो नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोत प्राणी आधीच सपाट झालेला असतो. कुठली रेषा पुढची, कुठली मागची, याचा निर्णय कॅमेऱ्याने घेऊन टाकलेला असतो. जवळून मोबाइल धरला की नाक मोठं आणि कान लहान येतात. नवशिका ते जसंच्या तसं उतरवतो आणि मग विचारतो की माझं कुत्रं अस्वलासारखं का दिसतं. आणि फोटो हलत नसल्यामुळे माणूस एका बाजूने सुरू करून केस-केस भरत जातो. ती नक्कल होते. आठवणीला, अंदाजाला काही कामच उरत नाही.

फोटोचा एक उपयोग मात्र मी मनापासून मान्य करते. जी हालचाल डोळ्याला दिसूच शकत नाही ती तो दाखवतो. शेकडो वर्षं चित्रकार धावता घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे, असे चारही पाय ताणून हवेत काढत. 1878 मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून घोड्याच्या धावण्याचे फोटो घेतले. तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चिंगी अंगणात धावते तेव्हा मीही कधीकधी मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ घेते, तीन-चारदा बघते, मोबाइल बंद करते आणि मग आठवणीने काढते.

पाय नेहमी चुकतात. गुडघा उलटा का दिसतो?

हा प्रश्न आला नाही असा एकही आठवडा जात नाही.

तो गुडघा नव्हेच. आपण पूर्ण पाऊल टेकवून चालतो. कुत्री-मांजरं बोटांवर चालतात, जणू कायम चवड्यांवर उभी. मागच्या पायात मागे वळलेला जो कोपरा दिसतो ती टाच आहे. खरा गुडघा वर पोटाजवळ, पुढच्या बाजूला असतो, बऱ्याचदा केसांत झाकलेला. पुढच्या पायाचं कोपर छातीला लागून, आणि खाली जो सांधा गुडघ्यासारखा वाटतो ते मनगट. गाय, म्हैस, घोडा आणखी पुढे गेलेले: ते बोटांच्या टोकांवर, म्हणजे नखांवरच उभे असतात. खूर म्हणजे नखच.

हे पाठ करण्यापेक्षा अंगावर करून बघा. जमिनीवर ओणवे व्हा, तळवे उचलून फक्त बोटं टेकवा, टाचा वर करा. आता मनगट कुठे, कोपर कुठे, टाच कुठे ते चाचपा. वर्गात मुलं दहा मिनिटं मांजर होऊन फिरतात आणि त्या दिवशीच्या चित्रांतले पाय सगळे जागेवर येतात.

मग पुढची पायरी: हात लावून बघा. प्राणी घरचा असण्याचा हा मोठा फायदा. चिंगीला कुरवाळताना मी खांद्याचं पातं चाचपते, फासळ्या मोजते, पुठ्ठ्याची दोन हाडं कुठे वर येतात ते बघते. मांजराचं खांद्याचं पातं फार सैल असतं. त्याचं गळपट्टीचं हाड अगदी लहान आणि दुसऱ्या हाडाला न जोडलेलं असतं, म्हणून मांजर दबकत चाललं की खांदे आळीपाळीने पाठीच्या वर येतात. ते दोन उंचवटे काढलेत की तुमचं मांजर चालायला लागतं.

बोटं मोजायची हौस असेल तर मांजराच्या पुढच्या पंजाला पाच आणि मागच्याला चार, एकूण अठरा.

चालणारा प्राणी काढला की तो लाकडी घोड्यासारखा दिसतो.

पावलांचा क्रम बघा. कुत्रं-मांजर सावकाश चालतं तेव्हा मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, असा ठेका असतो. मागचा पाय पुढच्याच्या अगदी जवळ येतो आणि तेवढ्यात पुढचा उचलला जातो. म्हणून एका बाजूचे दोन पाय एकमेकांकडे झुकलेले आणि दुसऱ्या बाजूचे फाकलेले, असा आकार बनतो. हा ठेका तोंडाने म्हणत बघितलं की पटकन ध्यानात येतो.

गोठ्यातलं जनावर उठताना बघा. गाय आधी मागचा भाग उचलते आणि पुढच्या पायांच्या वाकलेल्या मनगटांवर क्षणभर थांबते. घोडा उलट, आधी पुढून उठतो. गाय घोड्यासारखी उठताना काढली तर शेतकऱ्याच्या घरातलं पोर ते लगेच ओळखतं.

केस कसे दाखवायचे? एकेक काढू?

नको. केस हे कपड्यासारखे, आत शरीर आहे. आधी उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते ते मोठ्या पट्ट्यांत दाखवा. मग जिथे शरीर वळतं तिथे, म्हणजे मानेखाली, कोपरामागे, शेपटीच्या बुडाशी, केसांचे दोन-चार झुबके दाखवा. बाकीचे बघणारा आपोआप समजून घेतो.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचा 1502 मधला ससा बहुतेकांनी छापील रूपात पाहिला असेल. मूळ चित्र व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्यात एकेक केस दिसतो खरा. पण डोळे बारीक करून ते चित्र बघा. केस नाहीसे होतात आणि खाली पाठीचा, मांडीचा भरीव आकार तसाच राहतो. त्याने आधी ससा उभा केला, मग केस घातले.

काळं मांजर आहे. नुसता काळा डाग होतो.

बंड्यासोबत मी पहिलं वर्ष याच रडगाण्यात घालवलं. उपाय असा: दिवसा खिडकीजवळ बसवा, म्हणजे बसेल तेव्हा काढा. काळ्या केसांवर उजेडाची चमक पडते, ती निळसर असते. फक्त त्या चमकीचे आकार कागदाचे पांढरे सोडा आणि बाकी भरून टाका. बाह्यरेषा अजिबात काढू नका. करड्या किंवा खाकी कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने नुसती चमकच काढून बघितलीत तर आणखी सोपं. किराण्याच्या खाकी पिशव्या मी याचसाठी कापून ठेवते.

डोळे जिवंत दिसत नाहीत.

बुबुळाचा आकार बघितलात का? मांजराची बाहुली उभी चीर, कुत्र्याची गोल, शेळीची आडवी. उन्हात मांजराची चीर दोऱ्याइतकी बारीक होते आणि संध्याकाळी जवळजवळ गोल. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या भागावर पडते, ती गडद केली की डोळा खोबणीत बसतो. चमकेचा पांढरा ठिपका एकच ठेवा, आणि तो उजेडाच्या बाजूला. बाजूने बघताना डोळा चपटा बदाम नसतो, काचेच्या अर्ध्या गोटीसारखा बाहेर आलेला असतो, हे मांजराच्या गालाजवळ डोकं नेऊन एकदा बघाच.

सगळं बरोबर काढलं तरी ते “आमचं” कुत्रं वाटत नाही. असं का?

चिंगी नसबंदी झालेली भटकी कुत्री होती. अशा कुत्र्यांच्या कानाला ओळखीसाठी एक खाच पाडलेली असते. तिच्या डाव्या कानाला ती आहे, बोटाच्या पेराएवढी. मी रोज तिचं डोकं खाजवायची, ती खाच माझ्या बोटांना माहीत होती. आणि तरीही पहिले तीन महिने मी तिचे दोन्ही कान अखंड काढले. साठ-सत्तर रेखाटनं. एके दिवशी माझ्या भाचीने, ती तेव्हा सहा वर्षांची, पान बघून विचारलं, “मावशी, ही चिंगी कुठेय? हिचा कान फाटलेला नाहीये.”

मी कान काढत नव्हते, “कुत्र्याचा कान” काढत होते. हेच ते डोक्यातलं कुत्रं.

तेव्हापासून मी एक गोष्ट करते. रेखाटन सुरू करण्याआधी मनात म्हणते की आज हिच्यात असं काय आहे जे दुसऱ्या कुत्र्यात नसेल? कधी कान, कधी बसताना डावीकडे टाकलेला पाय, कधी झोपेत दाताखाली अडकलेला ओठ. त्या एका गोष्टीला वेळ देते, बाकीचं चार रेषांत उरकते.

जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या चित्रकार उस्ताद मन्सूरची आठवण इथे येते. 1612 मध्ये मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून बादशहासाठी काही अनोखे प्राणी-पक्षी आणले, त्यात एक टर्की होता. बादशहाने त्यांची चित्रं काढून घेतली; मन्सूरच्या त्या टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याखालची लोंबणारी लाल कातडी, तिच्या सुरकुत्या, पंखांवरच्या पिसांचे थर, सगळं कसं नेमकं बघितलंय! मला नेहमी वाटतं, अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आलेला हा पक्षी मन्सूरच्या ओळखीचा नव्हता, डोक्यात तयार टर्की नव्हताच. समोरचाच बघणं भाग होतं. आपल्या रोजच्या ओळखीच्या कुत्र्याकडे तसं नव्याने बघणं जास्त अवघड आहे.

माझ्याकडे प्राणी नाही. सोसायटीत परवानगी नाही.

मग जिथे आहेत तिथे जा. चहाच्या टपरीखाली झोपलेली कुत्री, मासळीबाजारातली मांजरं, मंदिराबाहेरची गाय. गावाकडे कुणाचा गोठा असेल तर सोन्याहून पिवळं. रवंथ करणारी म्हैस तासभर जागची हलत नाही आणि हलला तर फक्त जबडा. दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर आणि इतरत्र पोळा, त्या सकाळी बैल धुतात, शिंगं रंगवतात. तेव्हा बैल दावणीला शांत उभे असतात आणि मालकही खुशीत असतो, कुणी हुसकत नाही. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैल ओळीने बघायला मिळतात: लांबट अरुंद डोकं, मागे जाऊन वर उसळणारी शिंगं. ती शिंगं एका दमात काढायला खांद्यापासून हात फिरवावा लागतो, मनगटाने ती रेषा येत नाही.

एकच विनंती. चित्रासाठी म्हणून पोपट आणून पिंजऱ्यात ठेवू नका. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. खिडकीत दाणे ठेवा, तो येईल. आला की पायांची बोटं बघा: दोन पुढे, दोन मागे. चिमणीची तीन पुढे आणि एक मागे.

मांजर वहीवरच येऊन बसतं.

त्याच्या अंगाखालून निघेल तेवढा कागद वापरा. इतक्या जवळून कान, मिशांची मुळं, नाकपुडीचा आकार एरवी दिसत नाही. मिशा एकेका बाजूला बाराच्या आसपास असतात आणि चार ओळींत उगवतात.

मुलांना याचा एलिमेंटरी-इंटरमिजिएटसाठी उपयोग होईल का?

स्मरणचित्राला नक्की होतो. शासकीय रेखाकला परीक्षेच्या त्या विषयात प्रसंग देतात आणि आठवणीतून चित्र काढायचं असतं. बहुतेक मुलं ठरलेली चित्रं घोकून जातात, त्यात एक कुत्रं असतं, तेही घोकलेलं. वर्षभर घरचं कुत्रं काढलेल्या मुलाचं कुत्रं प्रसंगात भाग घेतं, खेळणाऱ्या मुलाकडे मान वळवून बघतं.

पण लहान मुलांच्या पानावर हात फिरवून “असं काढ” म्हणू नका. पालकांना मी हे हात जोडून सांगते. त्याने पाचवा पाय काढला असेल तर “चल, पाय मोजू या” म्हणून प्राण्याकडे न्या.

टॅबवर काढलं तर चालेल?

चालेल, फक्त मागे जाण्याचं बटण वापरायचं नाही असं ठरवा.

तोच प्राणी, तीच जागा. कंटाळा येत नाही?

पहिल्या दोन-तीन महिन्यांनी एकदा येतो. सगळं काढून झालं असं वाटतं. तेव्हा काहीतरी बदला: डाव्या हाताने काढा, फक्त सावली काढा, फक्त प्राण्याभोवतीची रिकामी जागा काढा, कागदाकडे न बघता एका रेषेत काढा.

डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकाराने 1995 च्या सुमाराला स्टॅन्ली आणि बूजी या आपल्या दोन डाक्सहुंड कुत्र्यांची चाळीसहून जास्त चित्रं रंगवली. कुत्री थांबत नाहीत म्हणून त्याने घरात ठिकठिकाणी साहित्य मांडून ठेवलं, म्हणजे ती जिथे निजतील तिथे लगेच सुरू करता येईल. मी हे वाचून स्वयंपाकघरात, पलंगाशेजारी आणि जिन्यात एकेक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली. त्या दिवसापासून माझी पानं दुपटीने वाढली.

प्रत्येक पानावर तारीख लिहायलाच हवी का?

हवी. एका कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा. माझ्यासाठी त्या तारखांनी मोठं काम केलं.

गेल्या पावसाळ्यात जुनी पानं चाळत होते. उभ्या चिंगीच्या सलग अकरा रेखाटनांत तिचा मागचा उजवा पाय जमिनीला पुरता टेकलेला नव्हता. प्रत्येक ठिकाणी त्याचा ठिपका इतर तिघांपेक्षा फिकट, आणि वजन डावीकडे. ती लंगडत नव्हती, खाणंपिणं ठीक होतं, घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, हाताने मात्र महिनाभर इमानाने नोंद केली होती. पानं घेऊनच पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, खुब्याचा सांधा झिजू लागला होता. औषध सुरू झालं, जिन्यावर पायपुसणी अंथरली, तिचा पलंगावर उडी मारायचा हट्ट बंद केला. आता ती अकरा वर्षांची आहे, तोंड पांढरं झालंय. हल्ली तिला काढताना पेन्सिल हलकी धरावी लागते, कारण पांढऱ्या केसांतून हनुवटीचं हाड दिसतं आणि जरा दाब पडला की ती कठोर दिसायला लागते.

आमचं मांजर गेलं. त्याची अर्धवट रेखाटनं फोटो बघून पूर्ण करू का?

मनापासून सांगते, करू नका. वेगळ्या कागदावर फोटोवरून चित्र जरूर करा, पण ती पानं तशीच राहू द्या.

बंड्याच्या आधी आमच्याकडे ठकी होती. तिच्या शेवटच्या पानावर पाठीची रेषा आहे, एक कान आहे आणि पुढच्या पायांचे दोन ठिपके. ती तेव्हा उन्हाच्या कवडशातून उठून माझ्या मांडीवर आली म्हणून पुढे काढता आलं नाही. पान बघितलं की ती उठली तो क्षण मला आठवतो. उरलेलं मी भरलं असतं तर तिथे डोक्यातलं मांजर येऊन बसलं असतं.

वही तेवढी जपा. 6बी ची पेन्सिल समोरच्या पानाला लागून पुसट होत जाते. मी ठकीच्या वहीत प्रत्येक पानामागे बटर पेपर घातलाय आणि ती कपाटात आडवी ठेवली आहे, वर दुसरं काही न ठेवता.